भिंतीलगतची हातभर जमीन

आवाराच्या भिंतीच्या पायथ्याशी किंवा कुंपणाच्या कडेला दोन-अडीच फुटांची एक पट्टी बहुतेक घरांना लाभलेली असते. ती सहसा विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या आणि गवत यांच्या वाट्याला जाते. पण बागेत सर्वांत जास्त स्वभाव याच जमिनीला असतो. मोकळ्या अंगणात ऊन-पाऊस सगळीकडे सारखे पडतात, भिंतीपाशी मात्र त्यांचा वाटा दिशेप्रमाणे ठरतो. तो वाटा ओळखला की एवढ्याशा जागेतही बाराही महिने काही ना काही फुलते.

पूर्वेकडे तोंड केलेल्या भिंतीला सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली. अबोली आणि अनंत इथे सुखाने वाढतात. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि दिवेलागणीनंतरही ऊब सोडत राहते. तिच्या पायथ्याशी सदाफुली, ऑफिस टाइम, कोरफड अशी काटक मंडळीच टिकतात. दक्षिणेच्या भिंतीवर हिवाळ्यातले कललेले ऊन दिवसभर रेंगाळते. तिथे शेवंती आणि झेंडू बहरतात, वालाचा वेल शेंगांनी लगडतो. उत्तरेची भिंत हिवाळाभर सावलीत असते. मात्र मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे तिथल्या नेच्यांना ढग येईपर्यंत मे महिन्यात पाण्याचा जास्त आधार लागतो.

पाऊसही असाच वाटून येतो. कोकणात तो नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर तिरपा झोडपतो. पश्चिमेची बाजू चिंब होते आणि भिंतीच्या आडोशाची माती भर आषाढातही कोरडी राहू शकते. वळचणीखाली पागोळ्यांची धार माती उकरते, म्हणून त्या रेषेवर दगडगोटे पसरून रोपे थोडी अलीकडे लावतात. मोरीच्या पाण्याची ओल जिथे पोचते, ती जागा अळूची.

मातीला भिंतीची चव लागते. सिमेंट-चुन्याचा राडारोडा जिरला की माती अल्कधर्मी होते, तीतले लोह मुळांना घेता येत नाही आणि अनंताची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. जांभ्याच्या गडग्याशेजारी हा त्रास सहसा नसतो, कारण तिथली माती मुळातच आम्ल असते. म्हणून लागवडीआधी दीड फूट खोल खणून भराव काढावा आणि चांगली माती, शेणखत, कुजलेला पालापाचोळा भरावा. घराच्या भिंतीपासून मात्र वाफा फूटभर दूर ठेवावा आणि माती जोत्याच्या खालीच राहू द्यावी. नाहीतर ओल चढते आणि वाळवीला वाट मिळते.

कुंपण जिवंत असेल तर गोष्ट वेगळी. मेंदी किंवा कोयनेल यांची मुळे वाफ्यातले पाणी आणि खत आधी पितात. त्यांना आवरण्यासाठी वाफ्याच्या बाजूने चर खणून मुळे छाटतात आणि शहाबादी फरशी उभी पुरतात. छाटणीसाठी माणूस उभा राहील एवढी जागा मध्ये सोडावी लागते. कुंपण खाली रुंद आणि वर निमुळते कापले तर बुंध्यापर्यंत उजेड पोचतो आणि खालच्या फांद्या उघड्या पडत नाहीत.

अरुंद वाफ्यात दोन ओळी पुरतात. मागे जाई किंवा गोकर्ण तारेवर चढवावी. तार भिंतीपासून चार बोटे पुढे असली की पानांमागून वारा खेळतो. पुढच्या ओळीत एकेक रोप वेगळे लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सात रोपे एकत्र लावली, तर लांबट वाफा तुटक दिसत नाही. कडेला विटा उभ्या रोवल्या की माती वाहून जात नाही.

लागवड पहिल्या चांगल्या पावसानंतर करावी, म्हणजे फांद्यांची कलमे सहज मूळ धरतात. पावसाळा सरला की कुंपण छाटावे, हिवाळी फुले लावावीत आणि उन्हाळ्याआधी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. भाद्रपदात भिंतीच्या सांध्यांवरून एकदा नजर फिरवावी. पक्ष्यांनी टाकलेल्या बीतून पिंपळ-उंबराची रोपे तिथे उगवलेली असतात. मूळ कोवळे आहे तोवर ती अलगद सोडवून, वाढायला आभाळ मिळेल अशा मोकळ्या जागी लावावीत.