कुणाची गं तू?

त्र्यंबकेश्वरच्या देवळात मी पहिल्यांदा गेले ती परभणीतल्या माझ्या खोलीतून, लोखंडी खाटेवर मांडी घालून. दुपारचे तीन वाजले होते. खालच्या बिऱ्हाडात कुणीतरी मिरचीची फोडणी टाकली होती आणि तिचा ठसका मला लागत होता. डोळ्यांना मात्र पुठ्ठ्याचे एक खोके लावलेले होते. खोक्यात दोन भिंगे आणि भिंगांपुढे माझा मोबाईल. ‘गूगल’ने ही खोकी २०१४ साली काढली आणि २०२१ साली विकायची थांबवली. माझे खोके वरच्या वर्गातली एक मुलगी जाताना मागे ठेवून गेलेली. त्याच्या कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली. देवाच्या दारी जायला याहून गरीब वाहन कुणी वापरले नसेल.

मी मानसशास्त्राच्या एम. ए.ला आहे. वर्षाच्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता तो आभासी वास्तवातल्या चित्रपटांचा. म्हणजे आपण इथे बसलेलो असताना ‘तिथे’ आहोत असे मनाला का वाटते, याचा. खुशबू रांका यांचा ‘राइट टू प्रे’ हा २०१६ सालचा छोटा माहितीपट मी त्यासाठीच पाहायला घेतला. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात आम्हांलाही जाऊ द्या, असा आग्रह धरणाऱ्या स्त्रियांची ही कथा. त्या वर्षी १ एप्रिलला विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते की, देवळात जाण्यापासून स्त्रियांना अडवता येत नाही. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १९५६ सालचा जुनाच कायदा होता, मंदिरे सर्व वर्गांच्या हिंदूंना खुली करणारा. तो मुळात कुणासाठी झाला होता हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आम्ही मातंग. साठ वर्षांनी तो स्त्रियांच्या कामी आला, याची मला उगाच गंमत वाटली. आपल्या घरचे जुने भांडे शेजारणीने लग्नकार्याला मागून न्यावे तशी.

या चित्रपटांना चौकट नसते. साध्या चित्रपटात दिग्दर्शक दाखवील ते पाहायचे. इथे मान वळवावी तिकडे जग आहे. वर पाहिले तर आभाळ, मागे वळले तर मागची माणसे. मेल स्लेटर नावाच्या शास्त्रज्ञाने २००९ साली यातल्या भुलीचे दोन पदर वेगळे करून दाखवले. एक, ‘मी या जागी आहे’ ही भूल, आणि दुसरी, ‘इथे जे घडते आहे ते खरेच घडते आहे’ ही. दोन्ही भुलींत गंमत अशी, की माणसाला खरे काय ते पुरते ठाऊक असते. प्रयोगशाळेत सपाट फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला यंत्रातून पायापुढे खोल खड्डा दाखवतात. खड्डा नाही हे तो शपथेवर सांगेल, पण त्याचे काळीज धडधडते आणि पाऊल पुढे पडत नाही. मीही खोलीत बसून एकदा हात पुढे केला, गर्दीतल्या एका बाईला वाट करून द्यायला. हात भिंतीवर आपटला.

क्रिस मिल्क नावाच्या दिग्दर्शकाने २०१५ साली या यंत्राला सहानुभूतीचे यंत्र म्हटले. जॉर्डनमधल्या झातारी छावणीतल्या बारा वर्षांच्या सीरियन मुलीवरचा त्याचा ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ त्याच वर्षी दावोसला जमलेल्या बड्या मंडळींपुढे दाखवला गेला. तिच्याजवळ जमिनीवर बसल्यासारखे वाटते, म्हणून तिचे दुःख आपले होते, असा त्याचा दावा. पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाने त्यावर आक्षेप घेतला: निर्वासिताच्या दुःखाचा गाभाच हा, की ते त्याला डोळ्यांवरून काढून ठेवता येत नाही. मी प्रबंधात दोघांची मते समोरासमोर मांडली आणि स्वतः मिल्कच्या बाजूला झुकले. खरे सांगायचे तर मला ते यंत्र आवडले होते. आणि आवडलेल्या वस्तूची बाजू घ्यायला पुरावे पुष्कळ सापडतात.

धर्माचा भाग त्यात आला तो माझ्या खोलीतल्या मैत्रिणीमुळे. ती म्हणाली, “यात नवे काय आहे? दगडी अंधार, एक समई, धूप, घंटा. गाभारा म्हणजे जुने आभासी वास्तवच की.” हा विचार मला इतका चटकदार वाटला, की मी तो प्रबंधाच्या सुरुवातीलाच घालून टाकला. पुढे विल्यम जेम्स वाचला. न दिसणारे कुणीतरी जवळ आहे अशी जी जाणीव माणसांना होते, तिच्याबद्दल त्याने १९०२ सालच्या ग्रंथात एक अख्खे व्याख्यान दिले आहे, आणि त्या माणसांना वेड्यात न काढता दिले आहे. तान्या लुहरमन ही मानववंशशास्त्रज्ञ तर म्हणते, की देव जवळ असल्याची जाणीव आयती मिळत नाही. ती सवयीने, रोजच्या सरावाने अंगी बाणते. हे वाचताना मला आमची जनाबाई आठवली. आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. म्हणजे त्र्यंबकेश्वरला उगम पावते तेच पाणी पुढे आमच्या गावावरून जाते. जनाबाईचे गाव गंगाखेड. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसायचा, हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. पहाटे उठून रोज पायली-पायली दळणाऱ्या बाईएवढा सराव कुणाचा असेल?

एवढी तयारी करून मी दिवाळीला घरी गेले, आणि ते खोके आजीच्या डोळ्यांना लावले.

आजीने तीन वाऱ्या पायी केल्या आहेत. आता गुडघे चालत नाहीत. पंढरपूरला तिने विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवले आहे. १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले आणि ते देऊळ सगळ्यांना खुले झाले, हे तिला माहीत आहे. पण गावातल्या विठ्ठलमंदिराच्या आत ती कधी गेलेली नाही. बाहेर लिंबाखाली एक ओटा आहे, तिथे आमच्या वस्तीतल्या बाया बसतात. अडवणारे कुणी आता राहिले नाही असे सगळे सांगतात. तरी ती ओट्यावरच बसते. कोसच्या कोस चालून देवाच्या पायापर्यंत जाणारी बाई घरापासून दोनशे पावलांवरच्या देवळात का जात नाही, हे मी तिला कधी विचारले नव्हते. मीही कुठे गेले होते? लहानपणी ओट्यावर खेळले, मोठी झाल्यावर परभणीला गेले, आणि तो प्रश्न मागे गावातच राहिला.

खोके लावल्यावर आजी आधी गप्प झाली. मग मान हळूहळू फिरवू लागली.

“लई माणूस हाय की गं.”

“त्र्यंबकेश्वर आहे, आज्जी.”

तिने खाली पाहिले आणि दचकली. “माय! माजे पाय कुटं गेले?”

मला हसू आले. या चित्रपटांत खाली पाहिले की प्रेक्षकाचे अंग दिसत नाही. जिथे कॅमेऱ्याची तिवई उभी असते तिथे आपण असतो. मी तिला हे समजावत होते, पण तिचे लक्ष नव्हते. पुष्कळ वेळ ती त्या बायांकडे आणि त्यांना विरोध करणाऱ्यांकडे पाहत राहिली. मग खोके काढून मांडीवर ठेवले आणि पदराने डोळे पुसले. भिंगांनी डोळ्यांना पाणी येते, तसे ते आले असावे.

“त्या बायांला अडवायलेत,” ती म्हणाली. “आपण बी तितंच उबं होतो. आपल्याला कामून कुनी अडवलं न्हाई?”

“आपण त्यांना दिसत नाही ना.”

“तेच म्हनते मी. दिसलंच न्हाई त्याला कोन अडवील?”

आणि ती उठून पणत्यांच्या वाती वळायला गेली.

मी प्रबंधात चाळीस पाने लिहिली होती. त्यांत ‘मी तिथे आहे असे मला वाटते’ याचा ऊहापोह होता. ‘मी तिथे आहे असे तिथल्यांना वाटते का’ हा प्रश्न एकाही पानावर नव्हता. मैत्रिणीचे ते चटकदार वाक्य मला तिथल्या तिथे लटके वाटू लागले. समई आणि धूप तेवढ्यापुरते खरे. पण आपण दर्शनाला जातो ते पाहायला, आणि पाहिले जायलाही. देवाने पाहावे म्हणून, आणि ते जमेल तेव्हा जमेल, निदान रांगेतल्या माणसांनी, पुजाऱ्याने, हार विकणाऱ्याने पाहावे, ही अमकी आली आहे म्हणून. जनाबाईच्या गोष्टीतही विठ्ठल आला होता एवढ्यावर भागत नाही. त्याचे पदक तिच्या घरी विसरते, लोकांना ते सापडते आणि तिच्यावर चोरीचा आळ येतो. तिला सुळी द्यायला नेतात, तो सुळाचे पाणी होईपर्यंत. माझ्या खोक्यात असा आळ कुणावर येत नाही. मी त्र्यंबकेश्वरला त्या बायांच्या बाजूला उभी राहून आले, आणि माझे कुणी नावसुद्धा विचारले नाही. असल्या सहानुभूतीला किती किंमत द्यावी? अगदीच शून्य, असे म्हणवत नाही. त्या चित्रपटावाचून आजी बोलली नसती.

कार्तिकात आमच्या गावी पहाटे काकडा असतो. पाडव्याच्या दिवशी मी आजीबरोबर उठले. थंडी होती. नदीकडून धुके वर आले होते आणि ओट्यावरचा दगड ओला लागत होता. आजीने पोते अंथरले, टाळ काढले. आत मंडळी उभी होती. मी थोडा वेळ तिच्याजवळ बसले, मग चपला तिच्या पोत्याशेजारी काढल्या आणि पायऱ्या चढले. चार पायऱ्या आहेत. चार आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आत कुणी काही बोलले नाही. दोघातिघांनी वळून पाहिले, आणि एका बाईने अंग चोरून जागा दिली. जागा द्यायला चोरले की शिवू नये म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. इथे मान वळवायचे मला धैर्य झाले नाही. आरती झाल्यावर पुजारीकाकांनी तीर्थाची पळी हातात घेतली आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

“कुणाची गं तू?”

“त्या बाहेर बसल्यात, त्यांची नात.”

त्यांनी दारातून बाहेर पाहिले. लिंबाखाली अजून अंधार होता, पण टाळ ऐकू येत होते. मग त्यांनी तीर्थ दिले. पळी हाताला लागणार नाही इतक्या उंचावरून दिले; अर्धे माझ्या मनगटावरून खाली गेले.

मी ओट्यावर येऊन बसले तेव्हा आजीने डोळे उघडले नाहीत.

“काय म्हनले?”

“कुणाची म्हणून विचारलं.”

“मग? सांगितलंस का?”

“सांगितलं.”

तिने पोत्याचा कोपरा माझ्या पायांवर ओढला आणि टाळ पुन्हा धरले.