तीन पांढरे, एक लाल

मुंबईहून नागपूरला जाताना कोपायलटच्या, म्हणजे उजव्या खिडकीतून आमचा बुलढाणा जिल्हा दिसतो. हवा स्वच्छ असली की लोणारचं सरोवरही ओळखू येतं.

एका दुपारी नागपुरात ४३ अंश होते. आयएलएस या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेच्या नव्हे, उपग्रहाच्या आधाराने उतरायचं होतं आणि विमान माझ्या हातात होतं. पडद्यावरची खूण अगदी मधोमध, म्हणजे तीन अंशांचा उतार बरोबर. रनवेशेजारचे पापीचे चार दिवे मात्र तीन पांढरे, एक लाल. दोन पांढरे, दोन लाल असायला हवेत. तीन पांढरे म्हणजे तुम्ही वर आहात.

"थ्री व्हाइट्स," मी म्हणालो.

"चेक्ड. ब्रीफिंगमध्ये बोललो तेच," कॅप्टन म्हणाले.

या पद्धतीत दिशा उपग्रह दाखवतो, पण उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. तापलेली हवा फुगते आणि अल्टिमीटर खऱ्यापेक्षा कमी उंची दाखवतो. ४३ अंशांत तो रनवेपासून हजार फूट म्हणाला, तर आपण साधारण अकराशेवर असतो. तीन अंशांचा उतार प्रत्यक्षात ३.३ होतो. पापीला दाबाशी देणंघेणं नाही. ते ठरलेल्या कोनांत बसवलेले दिवे. कडाक्याच्या थंडीत सगळं उलटं होतं, विमान खाली आणि दिवे लाल. ते जास्त धोक्याचं, म्हणून अशा ॲप्रोचच्या नकाशावर किमान तापमान छापलेलं असतं.

खामगावच्या काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "दोन मशिनी दोन गोष्टी सांगत असतीन, तं तू कोनाचं आयकतं?"

रनवे नीट दिसल्यावर पापीचं. पण हळूहळू. दोन-दोन करण्याच्या घाईत नाक दाबलं की उतरण्याचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या वर जातो, आणि जमिनीजवळ तो चालत नाही. मी ऑटोपायलट काढला, नाक किंचित खाली घेतलं. थोड्या वेळाने दुसरा दिवा लाल झाला. जमलं नसतं, तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. उशिरा नाक दाबून रनवे गाठण्यात कसलंही कौशल्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा उन्हाळ्यात उतरता उतरता तुमचं विमान पुन्हा वर गेलं, तर घाबरू नका. वैमानिकाला नावंही ठेवू नका.