शून्य दक्षिणेला

बाबा पाटबंधारे खात्यात अभियंता होते आणि सुट्टीच्या दिवशी हमखास कुठल्या तरी डोंगरावर असायचे. मी बँकेत आकडे जुळवते. रिक्षातून उतरल्यावर डावीकडे की उजवीकडे हे मला अजूनही विचारावं लागतं. ते गेल्यावर कपाटातून त्यांचं होकायंत्र, कळसूबाई-भंडारदरा भागाची टोपोशीट आणि एक फील्डबुक निघालं. आई म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक." मी म्हटलं, आधी एकदा वापरून बघते. बोलायला काय जातं!

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, निळं ते पाणी, हिरवं ते जंगल, इथपर्यंत ठीक. तपकिरी रेषांचं जंजाळ मला पायवाटांचं वाटलं आणि कळसूबाईला इतक्या वाटा आहेत म्हणून बरंही वाटलं. त्या निघाल्या कंटूर, पुस्तकी मराठीत समोच्च रेषा. एका रेषेवरून चालत राहिलं तर ना चढ लागणार ना उतार. दर वीस मीटर उंचीला एक, पाचवी जाड. रेषा दाटल्या की समजायचं, तिथे कडा आहे. बारी गावापासून 1646 मीटरच्या शिखरापर्यंत त्या मोजत गेले. चाळिशी ओलांडली तेव्हा गुडघ्यांची आठवण झाली.

होकायंत्र त्याहून अवघड. तबकडीवरचे आकडे उलटे, आणि शून्य उत्तरेऐवजी दक्षिणेला. बिघडलंय असं समजून घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डबीच्या कडेचा लोलक डोळ्याला लावला, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "ताई, इथून बघायचं असतं." लोलकातून आकडे सुलट दिसतात. आणि आपण वाचतो ती तबकडीची आपल्या बाजूची कड. उत्तरेकडे तोंड केलं की डोळ्याखाली दक्षिण येते, म्हणून शून्य तिथे छापलेला. घड्याळजींनी पैसे घेतले नाहीत, ते जास्त लागलं.

मग शेंडीला गेले. भंडारदऱ्याचं धरण प्रवरेवर, 82 मीटर उंच, दगडी बांधकामाचं, 1926 साली पूर्ण झालेलं. लहानपणी इथे आलो की आम्ही पाणी बघायचो आणि बाबा भिंत. पाझर कुठे दिसतो का, हे शोधत ते इतका वेळ उभे राहायचे की आमची भजी गार व्हायची.

सोबत आणलेल्या सर्वेक्षणाच्या पुस्तकात लिहिलं होतं: ओळखीच्या तीन ठिकाणांचं बेअरिंग घ्या, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं मोजलेला कोन. मग त्या ठिकाणांपासून नकाशावर उलट रेषा ओढा; त्या छेदतील तिथे तुम्ही. वायव्येला कळसूबाई, नैऋत्येला रतनगड, मधे अलंग. रेषा एका बिंदूत छेदल्याच नाहीत. त्यांचा त्रिकोण झाला, तोही धरणाच्या जलाशयात. नकाशाच्या हिशेबानं मी बुडाले होते.

चहाच्या टपरीवर एक आजोबा बसले होते, खात्यातून निवृत्त झालेले खलाशी. "ताई, गाडीच्या बॉनेटवर ठेवून कुठं घेता? साहेब लोक आम्हाला कोयतासुद्धा लांब ठेवायला लावायचे." लोखंड काट्याला ओढतं, हे शाळेत मलाही शिकवलं होतं. गाडीपासून लांब जाऊन पुन्हा बेअरिंगं घेतली. त्रिकोण लहान झाला आणि काठावर आला. आजोबांनी नकाशात डोकावून विचारलं, "आता कोरड्या झालात ना?"

दुसऱ्या दिवशी कळसूबाई. वाटेत लोखंडी शिड्या, म्हणजे बेअरिंगवर भरवसा नाही. पुस्तकात त्यावरही उपाय होता. पहिल्या जागेवरून दुसरीचं बेअरिंग घ्यायचं, दुसरीवर पोचून मागे वळून पहिलीचं. फरक बरोबर 180 अंश आला तर दोन्ही जागी लोखंडाची लुडबुड नाही.

ते वाचलं आणि धाप टाकत मी तिथेच बसले. बाबा प्रत्येक वळणावर थांबून मागे बघायचे. मी सगळ्यात शेवटी असायचे, त्यामुळे ते माझ्यासाठी थांबतात अशी माझी इतकी वर्षं समजूत. फील्डबुकात कळसूबाईच्या पानांवर पुढचं बेअरिंग, मागचं बेअरिंग, फरक, वेळ. शेऱ्यात "शिडीजवळ घेऊ नये". माझं नाव कुठेच नाही. थोडा रागच आला.

मग वेळेचा रकाना नीट वाचला; आकडे जुळवायची सवय निदान इथे कामाला आली. काही ठिकाणी दोन खुणांमध्ये शंभर मीटरही अंतर नव्हतं आणि मधे वीस मिनिटं गेली होती. बेअरिंग घ्यायला वीस मिनिटं मलासुद्धा लागत नाहीत.

माझा फरक आधी 171 आला. मनगटावर स्टीलचं घड्याळ होतं. ते काढून सॅकमध्ये टाकलं, सॅक लांब ठेवली, खाली जाऊन पुन्हा घेतलं, वर येऊन पुन्हा घेतलं, आणि 180 आलं. माथ्यावर पोचल्यावर देवीला नमस्कार करायच्या आधी आईला फोन लावला.

"एकटीनं केलंस? मग मागे बघताना नेम कशावर धरलास?"

"एका दगडावर."

"अगं, तिथे माणूस उभा करायचा असतो. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर गडावर गेले तेव्हा तासभर काठी धरून उभी होते मी. भर उन्हात. आणि हे वरून ओरडतायत, सरळ धर!"