उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत

आमची थोरली नात २००९ च्या पावसाळ्यात जन्मली. तेव्हा आम्ही भवानी पेठेत राहत होतो. जवळच्याच एका खासगी प्रसूतिगृहात सूनबाईला रात्री दाखल केले आणि फजरच्या सुमारास नर्सने दुपट्यात गुंडाळलेले बाळ बाहेर आणून दिले. वजन पावणेतीन किलो, रडणे खणखणीत. दादाने उजव्या कानात अजान दिली, डाव्या कानात इकामत म्हटली. दादी दुपट्याचे टोक धरून उभी होती. खजुराचा कण चावून टाळूला लावला. सातव्या दिवशी अकिका झाला, नाव ठेवले. बीसीजीची सुई, पोलिओचे थेंब, सगळे कार्डावर लिहून घेतले. मुलाचे म्हणून जे जे हक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, ते सारे वेळेवर अदा झाले, या समाधानात आम्ही होतो.

(हे आम्ही नवरा-बायको मिळून लिहीत आहोत. एक सांगतो, दुसरी खोडते. म्हणून वाचकांना कुठे दादाचा सूर लागेल, कुठे दादीचा.)

पोर फार गुणी होती. रमजानमध्ये सहेरीला मोहल्ला जागा करणारे दारावरून जायचे, भांड्यांचा आवाज व्हायचा, आम्ही सगळे उठायचो. ती गाढ झोपलेली. गणपती विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशांनी खिडकीची तावदाने थरथरत, शेजारची लहान मुले दचकून रडत. आमची नात मात्र दादीच्या छातीवर हात ठेवून शांत. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही कौतुकाने सांगायचो, काही त्रास नाही हो पोरीचा. तिचे बहिरेपण आम्ही तीन वर्षे तिचा गुण म्हणून मिरवले, ही गोष्ट आजही लिहिताना हात थांबतो.

कुणी म्हणेल, कळले कसे नाही? न कळण्याला कारणे असतात. बहिरे मूलही पहिले काही महिने इतरांसारखेच आवाज काढते, हसते, रडते. दार आपटले की जमीन हलते आणि ते वळून बघते. माणूस खोलीत आला की सावली पडते, तिकडे बघते. आपल्याला वाटते, ऐकले. दीड वर्ष झाले, दोन झाली, शब्द नाही. घरात उत्तर तयार होते : "बोलेंगी, बोलेंगी. इसका बाप बी साडेतीन साल का हुवा तब बोल्या." कसब्यात शेख सल्ल्याच्या दर्ग्यावर जाऊन आलो. कुणीतरी सांगितले म्हणून पोपटाने टोचलेला पेरूही आणून खायला घातला.

शेवटी ओळखले ते बालवाडीच्या बाईंनी. २०१२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी सूनबाईला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "ती माझ्या तोंडाकडे बघते. मी फळ्याकडे वळले की तिच्यासाठी मी नसतेच." पुढच्याच आठवड्यात झोपेचे औषध देऊन, डोक्याला तारा लावून बेरा नावाची तपासणी झाली. दोन्ही कानांत सुमारे नव्वद डेसिबलचा दोष. डॉक्टरांनी समजावून सांगितले : आपण बसून बोलतो तो आवाज साठच्या आसपास असतो, कानाशी हळूच बोललेला त्याहून कितीतरी कमी.

घरी येताना रिक्षात कुणी काही बोलले नाही. रात्री दादा म्हणाला, "याने मेरी अजान उसको पहुँचीच नै." दादी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अजान का हक तो अदा हुवा. जाँच का हक रह गया."

ही जाँच काय असते, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. लंडनच्या डेव्हिड केंप या संशोधकाने १९७८ साली दाखवून दिले की निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो परत अगदी बारीक आवाजही काढतो. आतल्या शंखासारख्या भागातल्या पेशी आवाजाला उत्तर देतात. ते उत्तर टिपणारे हातात मावेल एवढे यंत्र निघाले. बाळ दूध पिऊन झोपले की कानात रबराची मऊ बोंडी ठेवायची, टिकटिक सोडायची आणि प्रतिध्वनी आला का ते यंत्राला विचारायचे. सुई नाही, औषध नाही, रडारड नाही; दोन-चार मिनिटांचे काम. पहिल्या महिन्यात ही चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र व शिकवणी सुरू, असा जगभरच्या जाणकारांचा हिशेब आहे. कारण कान जन्माला आला तरी भाषा मेंदूत घडायची असते, आणि त्या घडणीची पहिली वर्षे परत मिळत नाहीत. सहा महिन्यांच्या आत ओळखलेली मुले आणि नंतर ओळखलेली मुले यांच्या भाषेत किती अंतर पडते, हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोत झालेल्या अभ्यासाने १९९८ मध्येच मांडले होते. आमची नात त्यानंतर अकरा वर्षांनी जन्मली, तीही पुण्यासारख्या शहरात. आम्हाला कुणी विचारले नाही आणि आम्हीही कुणाला विचारले नाही.

मग धावाधाव सुरू झाली. पहाटेची गाडी पकडून दादरला उतरायचे, तिथून वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था. ती १९८३ सालची. दाराशी ते नाव वाचून दादाला उगाच बरे वाटले. हैदराबादचा हा माणूस अलीगढचा कुलगुरू झाला, महाराष्ट्राचा राज्यपाल झाला आणि पदावर असतानाच १९७६ मध्ये गेला. असो. नातीला दोन्ही कानांना यंत्रे बसली. कानाच्या आत बसवायच्या इम्प्लांटचे नावही तिथेच ऐकले. खर्च लाखांत होता, आमच्या आवाक्याबाहेर. पुढे २०१४ साली केंद्राच्या एडिप योजनेतून सहा लाखांपर्यंत मदत मिळू लागली, पण जन्मजात दोषासाठी वयाची अट पाच वर्षांची. आम्ही कागद गोळा करीपर्यंत पोरगी पाच ओलांडून गेली. दोष सहाव्या महिन्यात कळला असता तर आमच्या हातात साडेचार वर्षे असती.

स्पीच थेरपीच्या पहिल्याच दिवशी बाईंनी विचारले, "घरात कोणती भाषा बोलता?" साधा प्रश्न, पण आमच्यासारख्यांच्या घरात त्याचे साधे उत्तर असते का? आई-बाप आपसात दखनी बोलतात. दादी रत्नागिरीकडची, तिची कोकणी सुटत नाही. दादाने जन्मभर मराठीत खर्डेघाशी केली. कुराण अरबीत, सिनेमा हिंदीत, शाळा घालायची तर इंग्रजीत. आपल्या साहित्य संमेलनांतून मातृभाषा उर्दू की मराठी यावर इतकी चर्चा आम्ही ऐकली आहे, टाळ्याही वाजवल्या आहेत. ऐकणारे मूल या सगळ्या भाषा खेळता खेळता उचलते, म्हणून तो वाद परवडतो. इथे तीन वर्षांच्या मुलीला 'पाणी' हा एक शब्द शिकवायला तीन आठवडे लागणार होते. पाणी शिकवायचे की पानी? बाई म्हणाल्या, आईला ज्या भाषेत राग येतो आणि लाड करता येतात, ती घ्या. दखनी ठरली. पण बाई स्वतः मराठी, त्यांचे तक्ते मराठी. मग सूनबाई रोज रात्री त्या तक्त्यांवर आपले शब्द चिकटवीत बसायची. दादीने आपली कोकणी वर्षभर तोंडातल्या तोंडात ठेवली. पोरीचा पहिला शब्द आला तो 'नक्को'. त्या दिवशी आम्ही शीरखुर्मा केला.

आता एक अवघड गोष्ट. बेराच्या दिवशीच डॉक्टरांनी खालच्या आवाजात विचारले होते, "लग्न नात्यातले का?" होय. सूनबाई आमच्या मुलाची मामेबहीण, म्हणजे दादीची भाची. त्या प्रश्नाने आमच्या घरात जे झाले ते सांगण्यासारखे नाही. दोष कुठल्या रक्ताचा, यावर दोन घरांत महिनाभर बोलणे बंद. आणि बोट शेवटी जिच्याकडे नेहमी जाते तिच्याकडेच गेले, बाळाच्या आईकडे. खरी गोष्ट अशी की दोष असलेले जनुक दोघांकडून एकेक यावे लागते. आई-बाप स्वतः छान ऐकतात, त्यांना पत्ताही नसतो. एका आजोबाची नातवंडे एकमेकांत लग्न करतात तेव्हा तीच दोन जनुके एकत्र येण्याची शक्यता वाढते. हे आपल्यातच घडते असे नाही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्या शेजारच्या मराठा घरांतही चालत आले आहे. पण आपल्यात ते अधिक, हे कबूल करायला काय हरकत आहे? शरियतने अशा लग्नाला परवानगी दिली आहे, हुकूम दिलेला नाही. निदान अशा घरांनी तरी बाळाच्या कानाची तपासणी मागून घ्यावी.

तरीही नात्यातली लग्ने, कमी वजन, जोराची कावीळ असली धोक्याची यादी करून तेवढ्याच मुलांना तपासणे पुरत नाही. जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांच्या बाबतीत असे कुठलेच कारण आधी दिसत नाही. म्हणून तपासायचे तर सगळ्यांना. हजार बाळांमागे एक ते तीन, हा जगभर सांगितला जाणारा आकडा आहे.

आपल्याकडे कागदावर पुष्कळ आहे. अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सगळ्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याचे कलम होते, तेच २०१६ च्या कायद्यातही आहे. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये निघाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये झाला आणि त्याच्या आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. पण प्रसूतिगृहातून बाळ घरी सोडण्यापूर्वी कान तपासलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. फिलिपिन्ससारख्या, आपल्याहून फार श्रीमंत नसलेल्या देशाने २००९ साली, आमच्या नातीच्याच जन्मसाली, तसा कायदा केला. आपल्याकडे शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. परवान्याच्या अटींत आणखी एक ओळ घालायला काय लागते, असे आम्हाला वाटते.

एका ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांपुढे आम्ही हे मांडले. ते म्हणाले, सक्ती सोपी आहे, पुढे काय? चार खाटांच्या प्रसूतिगृहाला यंत्र परवडत नाही. शिवाय चाळणीत अडकलेले बाळ पुन्हा यावे लागते. आई चाळिसाव्यानंतर माहेराहून कुठे जाते, कोण शोधणार? हे खरेच आहे. पहिल्या मुद्द्याला कोचीने २००३ पासून उत्तर दिले आहे : एकच यंत्र, एक शिकलेली व्यक्ती, ठरलेल्या दिवशी शहरातल्या एकेका रुग्णालयात फेरी. दुसऱ्याचे उत्तर आम्ही स्वतः अनुभवले.

२०१७ मध्ये नातू झाला, दुसऱ्या रुग्णालयात. तिसऱ्या दिवशी आम्ही मागून तपासणी करून घेतली. उजवा कान पास. डावा 'रेफर'. सूनबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तपासणाऱ्या मुलीने परोपरीने सांगितले की रेफर म्हणजे बहिरे नव्हे, जन्मावेळचा मळ किंवा पाणी नळीत राहिले तरी असे येते. पण ऐकतो कोण? घरी आल्यावर ती बाळाच्या डावीकडे ताटे आपटून बघत असे. दादीने शेवटी ताटे कपाटात ठेवली. दुसरी तपासणी दीड महिन्याच्या लसीच्या तारखेलाच ठेवली होती, म्हणून ती चुकली नाही. लसीला तर जायचेच होते. पास. तारखा अशा एकत्र बांधल्या तर पुष्कळ बाळे हातातून निसटणार नाहीत.

आता आम्ही कोंढव्यात राहतो. मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते असे आम्ही पाहतो; लहान ठिकाणी अजून विचारावे लागते. मध्यंतरी वरच्या मजल्यावर मुलगी झाली. मुबारकबाद द्यायला गेलो तेव्हा नात बरोबर होती. तिचे बोलणे थोडे नाकातून येते, अनोळखी माणसाला दोनदा ऐकावे लागते. तिने बाळाच्या बापाला विचारले, "कान की जाँच हुई?" तो हसला. म्हणाला, "मोठ्याने रडते ना, कान चांगलेच असणार." नातीने ओठांवरून ते वाचले. "मैं बी रोती थी," ती म्हणाली आणि डिस्चार्ज कार्ड मागितले. त्यावर बीसीजी होते, पोलिओ होता, वजन होते. कानाचे काही नव्हते.

सोमवारी सकाळी जायचे ठरले. बाळ झोपलेले लागते, म्हणून निघण्याआधी पोटभर दूध पाजा, एवढे दादीने बाळाच्या आईला सांगून ठेवले.