सौम्य

‘सौम्य आहे, घाबरू नका,’ डॉक्टर म्हणाल्या आणि मी निर्धास्त होऊन मुलुंडला परतले. विशेषणांवर चटकन विश्वास ठेवणे हा भाषा शिकवणाऱ्यांचा जुना दोष असावा. गर्भारपणाचा सहावा आठवडा होता. टीएसएच ५.८, टी-४ मात्र मर्यादेत. रोज पहाटे उपाशीपोटी पाण्यासोबत एक गोळी घ्यायची. चहा त्यानंतर तासाभराने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने, कारण त्या हे औषध नीट शोषले जाऊ देत नाहीत.

सासूबाईंचा चहा साडेपाचलाच तयार असे. नको म्हणणे जिवावर येई. आणि आजार तर सौम्यच! गोळी चहाबरोबर जाऊ लागली. महिन्याने टीएसएच ६.४ निघाला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बाळाची अवटू ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते. तोवर त्याला लागणारे हे संप्रेरक केवळ तुमच्याकडून मिळते.’

‘सौम्य’ हे विशेषण माझ्या आजाराचे होते, गर्भाच्या गरजेचे नव्हे. आणि तेही स्थिर कुठे? पहिल्या तिमाहीतील टीएसएचची २.५ ही मर्यादा अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१७ मध्ये सुमारे ४ पर्यंत सैल केली.

त्या रात्री सासूबाईंना सारे सांगितले. ‘अगं, आधी बोलायचंस ना,’ एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आधण साडेसहाला चढू लागले, दोघींचेही. पुढच्या तपासणीत टीएसएच २.३ होता.