बैठी गाडी

मोटार-सायकल ही पंचविशींतील माणसाची वस्तु, आणि पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें स्कूटरला भाजीची पिशवी अडकवून समाधान मानावें, असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडण्याचें शौर्य माझ्या अंगीं नाहीं. मला केवळ लांब जावयाचें होतें, आणि तेंही सावकाश. असा विक्षिप्त हेतु बाळगणाऱ्यांसाठींच क्रूझर नांवाची एक जात जगांत निर्माण झालेली आहे, हें मला बरेंच उशिरा समजलें.

या जातीचें कुळ अमेरिकेंतील. तेथील सरळ, संपतां न संपणाऱ्या रस्त्यांवर दिवसभर बसून राहतां यावें म्हणून हिची बैठक खालीं, हँडल वर आणि पाय पुढें. हिच्यावर माणूस स्वार होत नाहीं. आरामखुर्चींत बसावें तसा बसतो. तिकडच्या थोर गाड्या वजनानें आणि किंमतीनेंही आम्हां मध्यमवर्गीयांच्या आटोक्याबाहेरच्या. आपल्याकडे चालतो तो मधला आकार. पुण्याच्या बजाज कंपनीनें २००५ सालीं अव्हेंजर काढली. चेन्नईच्या रॉयल एनफील्डनें २०२० सालीं मिटिऑर ३५० आणली. (हें दुसरें नांव तसें जुनेंच; १९५२ सालीं याच नांवाची दोन सिलिंडरांची गाडी इंग्लंडांत निघाली होती.) अव्हेंजरच्या २२० क्रूझ या प्रकाराचें वजन सुमारें १६३ किलो, मिटिऑरचें १९१. शहाण्यानें हलकी घ्यावी. मीं जड घेतली.

याला कारण आहे. मिटिऑरची अश्वशक्ति अवघी वीस. तरुण मंडळी हा आंकडा ऐकून हंसतात. पण तिच्या ३४९ घनसेंटिमीटरांच्या एकुलत्या सिलिंडराचा व्यास ७२ मिलिमीटर, तर आंतील दट्ट्याची धांव ८५.८ मिलिमीटर. धांव अशी व्यासाहून मोठी असली म्हणजे यंत्र फार वेगानें फिरूं पाहत नाहीं, परंतु थोड्या फेऱ्यांतच त्याला जोर चढतो. वाईहून पांचगणीस जातांना पसरणीचा घाट लागतो. तेथें ऐन वळणावर पुढें एस. टी. आडवी आली कीं सगळ्यांचाच वेग पडतो. हलक्या गाड्या गिअर उतरवून किंचाळूं लागतात. ही भरल्या पोटाच्या बैलासारखी, कुरकुर न करतां, आहे त्याच गिअरांत चढत राहते. मला या गाडीकडून एवढेंच पाहिजे होतें. ताशीं ऐंशीच्या पलीकडे नेण्याचा मोह तीही दाखवीत नाहीं आणि मीही.

एका स्नेह्यानें जुनी बुलेट घेण्याचा आग्रह धरला होता. बुलेट १९३२ सालची, १९५५ पासून तेव्हांच्या मद्रासेंत बनूं लागली. गिअर उजव्या पायाशीं, ब्रेक डाव्या. तिचा ठोका काळजाला भिडतो हें खरें, पण तो मनगटांनाही भिडतो. नव्या यंत्रांत कंप मारण्यासाठीं एक तोलदांडा बसविलेला आहे. ठोका थोडा सौम्य झाला, याचें रसिकांना दुःख आहे. माझ्या मनगटांना नाहीं.

दोषही सांगितला पाहिजे. पाय पुढें ठेवल्यानें अंगाचा भार माकडहाडावर येतो. इतर गाड्यांवर खड्डा दिसतांच पायांवर किंचित् उठून धक्का चुकवितां येतो. येथें उठणेंच अवघड, म्हणून तो निमूटपणें पाठीच्या कण्यांत घ्यावा लागतो. आमच्या शहरांतील गतिरोधक ज्या कल्पकतेनें घातलेले आहेत, ती पाहतां ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र खरा प्रश्न घरांतून आला. सौभाग्यवतीनें गाडी चोहोंकडून पाहिली, पाठीस टेकण असलेलें आसन पसंत केलें, आणि शांतपणें विचारलें, "अहो, ही पडली तर उचलणार कोण?"

विक्रेत्याच्या पत्रकांत या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. पडलेली गाडी हातांनीं उचलावयाची नसते. तिच्याकडे पाठ करून, गुडघे वांकवून, मांड्यांच्या जोरावर रेटावयाची असते. हें मीं तिला समजावून सांगितलें. "गुडघे कुणाचे?" ती म्हणाली. माझा डावा गुडघा चार वर्षांपासून तक्रार करीत असल्यामुळें मला गप्प बसावें लागलें. गाडीला मागें जाणारा गिअर नाहीं. उतारावर तोंड खालीं करून उभी केली, तर मागें ओढतांना हीच परीक्षा.

शेवटीं आमच्यांत एक करार झाला. गाडीची साखळी दर पांचशें किलोमीटरांच्या सुमारास पुसून तिला वंगण द्यावें लागतें. त्यासाठीं गाडी मधल्या स्टँडवर चढवावी लागते, म्हणजे मागचें चाक मोकळें फिरतें. ही क्रिया बाहूंची नसून टांचेची आहे : स्टँडच्या पायटीवर सगळा देहभार टाकावयाचा आणि हातांनीं केवळ तोल सांभाळावयाचा. साधली तर एका दमांत साधते. तीन खेपांत गाडी चढली नाहीं, तर ती विकावयाची, असें ठरलें. दोन वर्षें ती पहिल्याच खेपेस चढत होती. प्रत्येक वेळीं सौभाग्यवती गॅलरींत उभी राहून कपडे वाळत घालते. त्या दिवशीं कपडे नसले तरी.

गेल्या श्रावणांत, पाऊस नुकताच उघडला असतां, मीं टांच टेकली आणि गाडी अर्ध्यावरून परत आली. पुन्हां श्वास घेऊन रेटली, तेव्हां चढली.

"किती?" वरून आवाज आला.

"दोन," मीं सांगितलें.

ती क्षणभर थांबली. "बरें, चहा टाकतें," असें म्हणून आंत गेली. मी चाक फिरवून साखळीला वंगण लावूं लागलों.