सावली सरकते तशी

आमच्या अंगणातल्या कडुनिंबाची सावली सकाळी गोठ्याकडे पडते, दुपारी बुंध्याशी गोळा होते आणि चारनंतर रस्त्याकडे लांबत जाते. माझा दिवस तिच्यावरच चालतो. ती सरकली की चटया सरकवायच्या, झोळी दुसऱ्या फांदीला बांधायची आणि दादाची कूस बदलायची.

दादा म्हणजे सव्विशी ओलांडलेला तरुण. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे त्याला आधाराशिवाय बसता येत नाही आणि बोलता येत नाही. दोन तासांहून जास्त वेळ एकाच कुशीवर राहिला, तर माकडहाड, खुबा, टाच अशा हाडाच्या जागी कातडी दुखावायला लागते. लाली बोटाने दाबून पाहतात. दाबल्यावर ती विरली तर आपण वेळेत आहोत, नाही विरली तर उशीर झाला. पण सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही. म्हणून मी हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघते. शेजारच्या कातडीपेक्षा एखादी जागा गरम लागली, टणक लागली, की ती जागा त्या दिवशी पुन्हा खाली येऊ द्यायची नाही. ही ऊब ओळखायला मला वर्ष लागलं.

जामखेडहून खर्ड्याला जाताना लागणाऱ्या एका वाडीवर मी दिवसाची माणसं सांभाळते. आज अकरा मुलं आणि चार मोठी माणसं आहेत. सकाळी आठला येतात, दिवस कलला की जातात. याला पाळणाघर म्हणावं तर मोठी माणसं आहेत, आणि दवाखाना तर हा नाहीच. लोक नुसतं ‘ताईकडं ठेवलंय’ म्हणतात.

या कामाला मी लागले ती 2013 च्या उन्हाळ्यात. दुष्काळ मोठा होता, जनावरं छावणीत आणि माणसं रोजगार हमीवर. पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तेव्हा एक तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. माझी कंबर धरली होती, म्हणून मला बसवलं. नऊ मुलं, एक बाभूळ, लुगड्याच्या दोन झोळ्या आणि एक माठ. ‘बसून खाती’ असं जाता-येता ऐकू यायचं. संध्याकाळपर्यंत मी एकदाही टेकलेली नसायची. ते शब्द मला अजून टोचतात. पाटी दिसते, खेप मोजता येते. मूल खड्ड्याकडे गेलं नाही, याची खेप कुणी मोजत नाही.

तिसऱ्याच दिवशी एका पोराला हगवण लागली. डोळे आत गेले, रडताना पाणी येईना. मी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं आणि चमच्या-चमच्याने देत बसले. हे माप मला आमच्या गावच्या आरोग्य कार्यकर्तीने शिकवलं होतं. ती शिकायला जामखेडला जायची, डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्या प्रकल्पात. आरोळे पती-पत्नींनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला राहीनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यातल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. 1971 मध्ये या भागात जन्मलेल्या हजार मुलांमागे 176 मुलं वर्षाच्या आत दगावत होती, असं प्रकल्पाच्या नोंदी सांगतात. ते प्रमाण पुढे खाली आलं, त्यात या बायकांचा वाटा सगळ्यात मोठा. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते जगाला माहीत आहे. माझ्यासाठी त्या कामाचा अर्थ एवढाच, की बाभळीखाली बसलेल्या बाईच्या हातात त्या दिवशी नेमकं माप होतं.

मुलांचं काम आपल्याकडे कुणी तरी आधी करून ठेवलेलं आहे, हे मला पुढे कळलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम उभं केलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 1975 मध्ये सरकारची बालविकास योजना आली आणि तो शब्द गावोगाव पोचला. आमच्या वाडीवरही अंगणवाडी आहे, सेविका जीव ओतून काम करतात. पण ती दुपारी सुटते आणि खुरपणी सहाला सुटते. मधले तास कुणाचे? तीन वर्षांखालचं मूल कुणाचं? आणि दादा कुणाचा? त्याच्यासारख्या मोठ्यांसाठी दिवसाच्या केंद्रांची सरकारी योजना आहे, ती चांगलीही आहे. पण रोज त्याला उचलून शहरापर्यंत न्यायचं-आणायचं, तर त्याच्या आईची मजुरी बुडते.

मुलं सांभाळता येत होती म्हणून मला वाटलं, दादालाही सांभाळता येईल. हात तेच, काम तेच: भरवायचं, पुसायचं, बदलायचं. मी त्याला मुलांच्या पंगतीला घेतलं. तीच वाटी, तोच चमचा, आणि तोंडाने ‘आ कर बाळा, आ कर’. तीन दिवस त्याने दात उघडले नाहीत. मला वाटलं, घसा धरला असेल. चौथ्या दिवशी त्याची आई आली तेव्हा मी गाऱ्हाणं सांगितलं. तिने मुकाट्याने ताट घेतलं, त्याच्यासमोर मांडी घातली आणि विचारलं, ‘उडदाची आमटी हाय, भाकर कुस्करलीय. घेतोस का रं?’ आणि ती थांबली. मला खूप वाटेल एवढा वेळ थांबली. त्याच्या पापण्या हलल्या, मगच तिने घास उचलला. तो सगळं जेवला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘ताई, त्याला सव्वीसावं सरलंय.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाला मी भरवते ते त्याने उद्या आपल्या हाताने खावं म्हणून. सांडू द्यायचं, माखू द्यायचं, आपला हात रोज थोडा आखडता घ्यायचा. मूल सांभाळण्याचं सगळं कसब या मागे सरण्यात आहे. दादाचा हात उद्याही चमचा धरणार नाही. तिथे मी मागे सरून काय शिकवणार? तिथे माझ्या हाताने त्याच्या हाताची जागा घ्यायची, आणि हुकूम मात्र त्याचा चालला पाहिजे. केव्हा, किती, कुठल्या चवीचं. मी दोन्हीकडे एकच हात वापरत होते, आणि सव्वीस वर्षांच्या माणसाला रोज दोन वर्षांचा करत होते.

तेव्हापासून तो ‘दादा’. त्याचं ताट वेगळं, पितळीत. पाठीला तक्क्या, मान किंचित पुढे. पाणी आपल्या सवयीप्रमाणे वरून सोडायचं नाही. एकदा मी सोडलं होतं, तो निळा पडेपर्यंत खोकला, ती माझी चूक. आता चमच्याने देते आणि कंठ हललेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. कपडे बदलायला जुन्या लुगड्याचा पडदा केला आहे आणि त्या कामाला दुपारी त्याचे चुलते येतात. ते नसले तर मी करते, पण आधी त्याला सांगून. कूस बदलतानाही विचारते, रस्त्याकडे की पोरांकडे? तो बहुधा रस्त्याकडे बघतो. खर्ड्याची एसटी गेली की त्याच्या घशातून एक आवाज निघतो, तो मला आता ओळखू येतो.

मुलं आणि मोठी माणसं एकत्र ठेवावीत का, असं मला लोक विचारतात. सावलीत एकत्र, ताटावर आणि पडद्याआड वेगळी. मी एवढंच ठरवलं आहे. पोरं दादाच्या अंगावरची माशी हाकतात, तेव्हा मी त्यांना शाबासकी देत नाही. ती त्यांच्यातली गोष्ट आहे.

या कामात मला सगळ्यात अवघड वाटते ती संध्याकाळची सोपवणी. दिवसभर थकून आलेल्या आईला काय सांगायचं, कोणत्या क्रमाने सांगायचं? मी आधी पोट सांगते, मग शी-लघवी, मग लागलं-खुपलं आणि शेवटी एखादी तिने न पाहिलेली गोष्ट. लपवायचं काही नाही. गुडघा फुटला तर फुटला, कसा ते सांगायचं.

दिवाळी झाली की आमच्याकडे निम्मी वाडी रिकामी होते. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता धरतात, ट्रक भरून टोळ्या उसाच्या फडाला जातात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरं बरोबर गेली तर कोपीत राहतात, शाळा बुडते. मागे ठेवली तर म्हाताऱ्यांकडे. पण म्हातारंच अंथरुणाला असलं, तर कोण कुणाकडे राहिलं म्हणायचं?

गेल्या हंगामात एक नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी यायची. कडेवर दीड वर्षांचा भाऊ, आणि दुसऱ्या हाताने धरलेली आजी. आजीच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. शंभर पावलांची वाट, त्यांना पाऊण तास लागायचा. ती भावाला चटईवर ठेवायची, आजीला खांबाशी टेकवून बसवायची, आणि शाळेची घंटा झालेली असायची म्हणून धावत सुटायची.

संध्याकाळी तिला हिशेब कसा द्यायचा, हे मला कळेना. पहिले दिवस मी मोठ्या बाईला सांगावं तसं सगळं सांगितलं. ती मान डोलवत ऐकायची. मग तिच्या गुरुजींनी सांगितलं, पोरगी वर्गात फळ्याकडे बघत नाही, बोटांवर काही तरी मोजत असते. तेव्हापासून आजीचं दुखणं-खुपणं मी तिच्या चुलतीला सांगायला लागले आणि तिला फक्त बरं तेवढंच: आज आजीने सुपात शेंगा निवडल्या, आज भाऊ खांब धरून उभा राहिला. ती ऐकून हसायची. मला वाटलं, जमलं.

पंधरा दिवसांनी ती भावाला कडेवर घेऊन दारापर्यंत गेली आणि परत आली. आजी ऐकणार नाही अशा बेताने माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘ताई, ते समदं ऱ्हाऊ द्या. लघवीला किती येळा गेली ते सांगा.’

मी सांगितलं, ‘चार वेळा.’

तिने बोटावर मोजलं आणि आजीचा हात धरला.